भोंगा होतो तेव्हाची व्याळू

"व्याळू उजेडात, गप्पा अंधारात." वहिनींचं हे पालुपद ऐकून धाकट्या दिराचे कान किटले होते. ओतकामाच्या कारखान्यासमोर वहिनींची खानावळ. नवरा गेल्यावर पदर खोचून त्या चुलीपुढे उभ्या राहिल्या, त्या काही पुन्हा निवांत बसल्या नाहीत. दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नसे. संध्याकाळ मात्र भाकड. सुटलेले कामगार घरची वाट धरत, आणि उशिरा जेवणारं गिऱ्हाईक चौकातल्या झगमगीत हॉटेलात शिरे.

दिरानं शेवटी निक्षून सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत संध्याकाळी खोली भरली नाही, तर चूल विझवायची आणि जागा मोबाइल दुरुस्तीवाल्याला द्यायची. वहिनींनी दारावर फळी टांगली : येथे व्याळू मिळेल.

एका भट्टीवाल्यानं आत डोकावून विचारलं, फार तिखट असते का. दिरानं कपाळाला हात लावला. हा शब्द पणजोबांबरोबरच गेला, तो कशाला उकरून काढता, म्हणाला.

वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला.

"विकाल म्हणजे कलता दिवस, भाऊजी. माझे वडील सांगायचे, विकाल लोकांच्या तोंडी घोळून घोळून व्याळू झाला. दिवस कलला की जेवायचं, ती व्याळू. रात्रीचं जेवण कुणीही वाढेल. ही वेळ कोण सांभाळतंय?"

आणि त्या तडक कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. भोंगा झाला की दिवसपाळी बाहेर येई, पण भट्टी साफ होईपर्यंत रात्रपाळी बाहेरच ताटकळे. तेवढ्यात दोन्ही पाळ्यांनी एका ओळीत बसून जेवावं, असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या.

पहिल्या दिवशी आले ते बापलेक. बाप दिवसपाळीला साचे करणारा, लेक रात्री भट्टीवर. फाटकात घराची किल्ली या हातातून त्या हातात जाई, तेवढीच त्यांची भेट. लेकाचं ताट दुसऱ्यांदा रिकामं झालेलं पाहून बाप चकित झाला.

"अरे, तू एवढा जेवतोस?"

"बघायला तुम्ही होता कुठे?" लेक म्हणाला, आणि दोघंही हसत सुटले.

ही गोष्ट भट्टीपासून रंगखात्यापर्यंत पोचली. मग भाऊ भावाला घेऊन आला, सासरा जावयाला. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी ओळ उंबरा ओलांडून गल्लीत उतरली. मुकादमसुद्धा पालथ्या घमेल्यावर ताट घेऊन बसले. खोलीचं माप घ्यायला आलेल्या मोबाइलवाल्याला कुणीतरी खांद्याला धरून ओळीत बसवलं, आणि तोही टेप खिशात घालून मुकाट जेवू लागला. वाढणाऱ्यांना हात पुरेनात. दिरानं बाह्या सरसावल्या.

"भाऊजी, इकडे भात येऊ दे," चारी बाजूंनी हाका.

"वहिनी, भात संपत आलाय," तो घामाघूम होऊन म्हणाला.

वहिनींनी हात पुसले, रिकामी पिशवी काखेत मारली आणि दुकानाकडे निघाल्या. ताठ मानेनं, गल्लीच्या अगदी मधून, बसलेल्या माणसांना गुडघे आवरायला लावत. दीर डाव हातात धरून बघत राहिला. आणि तोंडातला घास तसाच ठेवून मोबाइलवालाही.