स्कॅन केल्यावर दिसणारं नाव

मॅडमनी फोन माझ्या स्कूटरवरच्या क्यूआर स्टिकरवर धरला, पैसे टाकायच्या आधी थांबल्या आणि स्क्रीनवर आलेलं नाव मोठ्यानं वाचलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, मग आडनाव. आडनावापाशी आवाज खाली आला. त्यांच्या दुसऱ्या हातात माझ्या साबुदाण्याच्या खिचडीची प्लेट होती.

“हे तुझंच नाव का?”

मी हो म्हटलं. कालपर्यंत त्या रोख द्यायच्या आणि मला ‘मावशी, तुम्ही’ म्हणत होत्या.

त्यांनी प्लेट माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. सीटवर ठेवली. चमचा तसाच खिचडीत. मग पर्समधून रुमाल काढून बोटं पुसली. बोटांना काही लागलेलं नव्हतं.

“आज चतुर्थी आहे गं माझी,” म्हणाल्या आणि ऑफिसच्या गेटकडे चालत्या झाल्या.

चतुर्थीसाठीच केलेली खिचडी होती ती.

बेलापूरच्या सरकारी ऑफिसांच्या रस्त्यावर मी सकाळी स्कूटर लावते. मागे मोठा स्टीलचा डबा बांधलेला. एरवी पोहे, उपमा. चतुर्थी, एकादशी, गुरुवारी साबुदाणा. आम्ही बौद्ध, गाव रत्नागिरीकडे. आमच्या घरात कुणी उपवास करत नाही. क्लार्क आणि वकील करतात, आणि त्यांच्या उपवासावर माझं घर चालतं. इतकी वर्षं मला कुणी नाव विचारलं नाही. मी नुसती मावशी होते आणि त्यात मला काही कमी वाटत नव्हतं.

मग सुट्ट्या पैशांची बोंब झाली. जो तो फोन पुढे करायचा. मुलीनं बँकेत खटपट करून मला स्टिकर आणून दिला. मी तो स्कूटरला लावला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ऐटीत पुसायचे मी तो रोज.

त्या दिवशी तिथं आणखी दोघं-तिघं खात उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. एकानं प्लेट अर्धी टाकून दिली. राग मला नंतर आला. तेव्हा आली ती लाज. कशाची लाज, आजही नीट सांगता येणार नाही. मी घाईघाईनं डब्याचं झाकण लावलं, चोरी पकडली गेल्यासारखं.

पुढच्या एकादशीला डबा तसाच घरी आला. पोह्याच्या दिवशी लोक येत. उपवासाला मात्र मान फोनमध्ये घालून समोरून निघून जात. मग मी स्टिकर काढला, रोख मागायला लागले. पण पाकीट कोण बाळगतो? “स्कॅनर नाय?” म्हणायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. स्टिकर लावला तर नाव दिसतं, काढला तर धंदा बसतो. नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतो, त्याचा पगार भाड्यात जातो. मुलीचं कॉलेज माझ्या डब्यावर. रात्री पडल्या पडल्या मी हिशेब करायचे आणि कुठूनच वाट निघायची नाही.

एक क्लार्क रोज माझ्याकडे खायचा. भला माणूस. तो बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाला, “मावशी, राग मानू नका. दुकानाला देवाचं नाव दिलं तरी खाली बँकेतलं नाव येतंच. दुसऱ्या कुणाचा तरी स्कॅनर लावा. तुमच्या भल्याचं सांगतो.”

आमच्या शेजारणीचं आडनाव चालण्यासारखं होतं. मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली नाही.

तिचा स्टिकर लावला आणि डबा रिकामा व्हायला लागला. पैसे तिच्या खात्यात. गिऱ्हाइकानं खरंच टाकले की नाही, मला कळायचं नाही, मेसेज तिच्या घरी यायचा. संध्याकाळी मी तिच्या दारात उभी राहून माझेच पैसे मागायचे. “थांब गं, ह्यांना येऊ दे, फोन त्यांच्याकडं हाय.” मी थांबायचे. तिचं पोरगं टीव्ही बघत असायचं, मी उंबऱ्याबाहेर. पुढे पुढे लोक मला तिच्या आडनावानं काकू म्हणायला लागले आणि मी ओ द्यायला लागले. एकदा मुलगी कॉलेजला जाता जाता माझ्यापाशी थांबली होती. कुणीतरी मागून त्या आडनावानं हाक मारली.

“आई, तू वळलीस,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

आणि एका चतुर्थीला मॅडम परत आल्या. प्लेट घेतली, स्कॅन केलं, नाव बघितलं आणि हसल्या.

“हे बरं केलंस. तू कोण ते मला माहितेय. पण समोर दिसलं नाही की मनाला लागत नाही. खिचडी मात्र तुझ्याच हातची हवी.”

त्यांना वाटलं, त्या माझं कौतुक करतायत.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. म्हणजे हात चालतो. मी कुटलेलं कूट चालतं, मी चिरलेली मिरची चालते. मी फक्त लपून राहायचं. इतके महिने मला वाटत होतं, मी ह्यांना फसवतेय. ह्या तर सगळं जाणून होत्या. वाकून उभी राहिलेली मी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मी आपणहून दिलं होतं.

मी त्यांच्या हातातली प्लेट काढून घेतली.

“पैसे टाकू नका मॅडम. ही तुम्हाला मिळणार नाही.”

“म्हणजे?”

“माझा हात चालतो ना? मग नावही चालवून घ्या. नाहीतर दुसरीकडे खा.”

आवाज चिरकला. पण बोलले. त्यांच्या समोरच मी शेजारणीचा स्टिकर नखांनी खरवडून काढला. सरळ निघाला नाही, तुकडे तुकडे निघाले.

त्यानंतर सगळं ठीक झालं असं कुणी समजू नये. उपवासाच्या दिवशी डबा अर्धा परत येतो. त्या ऑफिसचा वॉचमन मला गेटपासून लांब हाकलतो. तो भला क्लार्क आता पलीकडच्या फूटपाथनं जातो. मुलीची फी भरायची आहेच.

पण दुसऱ्याच्या स्टिकरच्या आड मी आता उभी राहणार नाही. माझा स्टिकर परत लावलाय आणि पेंटरकडून डब्यावर अख्खं नाव रंगवून घेतलंय, आडनावासकट, निळ्या अक्षरांत, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं मोठं. फोन बाहेर काढायच्या आधी ते वाचा. वाचून ज्याला भूक राहील, त्याला मी वाढेन. ज्याला माझं नाव गिळवत नाही, त्याच्या घशाखाली माझी खिचडी मी जाऊ देणार नाही.