मागे राहिलेली चप्पल

गिरणीच्या चाळीत आरोग्याचं सांगायला येणाऱ्या त्या बाई मासिकांतूनही लिहीत. शाळेतून येताना मी त्यांना पाही, पण नाव विचारायचा धीर झाला नाही. चालताना त्या सारख्या आपल्या पावलांकडे पाहत. ऊन चढलं की त्यांचा तोल जाई. डॉक्टर त्याला मनाचे खेळ म्हणत.

एका दुपारी त्यांची डावी चप्पल निसटली आणि त्या तापलेल्या फरशीवरून तशाच पुढे गेल्या. मला हाक मारवेना. चप्पल उचलून मी धावले.

"बाई, तुमची..."

त्यांनी खाली पाहिलं. तळवा लाल झाला होता.

दारात बायकांसोबत सुताच्या कांड्या भरणारी म्हातारी ओरडली, "लई भाजलं की! कळलं न्हाय व्हय?"

आजारी बाईचं आरोग्यावरचं बोलणं आता कोण ऐकेल, अशी मलाच भीती वाटली. त्या मात्र ओट्यावर बसल्या आणि तळवा सगळ्यांना दिसेल असा धरला.

"नाही कळलं. पाय असा मधूनच बधिर होतो. लोक ढोंग म्हणतात. तुमच्यात कुणाला होतं असं?"

कांड्या थांबल्या. मग मागे बसलेल्या एका तरुण बाईनं उजव्या हातानं आपला डावा हात उचलून वर धरला.