तिजानीची निळी मोटारसायकल आणि भिंतीतलं दार

"कुणी केलं ते मी म्हणत नाही. आपोआप झालेलं नाही, एवढंच म्हणतो."

हे तिजानीचं वाक्य. कोंबडीखाली एक अंडं कमी निघालं तरी हेच, विहिरीचा दोर तुटला तरी हेच, आणि रेल्वेच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला त्या दिवशी निरोपाच्या चहात साखर कमी पडली तेव्हाही हेच. हे म्हणताना तो आवाज चढवत नसे. डोळे बारीक करायचा आणि समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा, जणू खरा गुन्हेगार तिथे उभा आहे. नाजियानं त्याच्याशी लग्न केल्याला चौतीस वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी तिला या वाक्याची भीती वाटली, पुढची दहा वर्षं हसू आलं, आणि नंतर ते घरातल्या घड्याळासारखं झालं. वाजतं, पण ऐकू येत नाही.

सफाकस शहरातून ग्रेम्दा गावाकडे जाणाऱ्या वाटेवर सातव्या किलोमीटरला त्यांची बाग होती. सोळा बदाम, चार अंजीर, एक डाळिंब आणि मधोमध पांढरं घर. शेजारी तशीच बाग हसूनाची. दोन्ही बागांमध्ये माणसाच्या उंचीहून वर गेलेली भिंत, आणि त्या भिंतीत एक लाकडी दार. दोघांच्या वडिलांनी मिळून बसवलेलं. त्याला कडी कधी नव्हतीच. हसूनाची बायको दलांदा दोन वर्षांपूर्वी पायरीवरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर होती. रोज दुपारी नाजिया त्या दारातून पलीकडे जायची, दलांदाचे केस विंचरायची, बदाम घालून चहा करायची, आणि दोघी ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत बोलत बसायच्या. पोटची मुलं परदेशी गेलेल्या दोन बायकांना दिवसात तेवढाच एक तास स्वतःचा होता. रस्त्यानं जायचं तर निवडुंगाच्या कुंपणाला वळसा घालून पाऊण किलोमीटर. नाजियाचे गुडघे घरातल्या घरातही तक्रार करत.

तर त्या हिवाळ्यात तिजानीनं मोटारसायकल आणली. त्याच्या मामाच्या तेलघाण्याच्या मागे ती बावीस वर्षं पडून होती. निळी, दोन स्ट्रोकची, टाकीच्या बाजूला रबराची पट्टी. त्या पट्टीत मुंग्यांनी घर केलं होतं. गाढवगाडीतून ती अंगणात उतरली तेव्हा नाजियाला वाटलं, मेलेलं वासरू आणलंय.

पण तिजानीचे हात वेगळे होते. माणसांच्या बाबतीत जो संशय त्याला आयुष्यभर छळत आला, तोच लोखंडाच्या बाबतीत गुण ठरायचा. एकही नट त्यानं विश्वासावर सोडला नाही. पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून त्यानं तो आठ दिवस तसाच ठेवला, रोज सकाळी चाक हातानं एक बोट पुढं ढकलून बघत राहिला. नवव्या दिवशी पिस्टन हलला. तो नुसता हात धुऊन येऊन जेवायला बसला आणि एक भाकरी जास्त खाल्ली. टाकीतला गंज काढायला त्यानं आत व्हिनेगर ओतलं, मूठ-मूठ जैतुनाच्या बिया टाकल्या आणि टाकी मांडीवर घेऊन तासन् तास हलवत बसला, रडक्या मुलाला झोपवावं तशी. अंगण आंबूस वासानं भरलं. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं त्यानं घोड्याच्या शेपटीच्या केसानं साफ केली. झाकणाखालचं वायसर कुजलं होतं, तर स्वतःच्या जुन्या बुटाची जीभ कापून नवं केलं. इतकं घट्ट बसलं की झाकण फिरवताना चामडं करकरायचं.

पहिली किक बसली त्या दिवशी हसूना भिंतीतल्या दारातून आला. जाडजूड, हसतमुख माणूस. मासळीबाजारात दलाली केलेला, त्यामुळे तोंड मोकळं.

"काय रे तिजानी, ही तर नवरी झाली," तो गाडीभोवती फिरत म्हणाला. "काय रंग, काय आवाज. आख्ख्या ग्रेम्दाच्या वाटेवर अशी दुसरी नाही."

एवढंच. पुढे अल्लाचं नाव घेतलं नाही. कौतुक केलं की ते नाव घ्यायचं, नाहीतर नजर लागते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. हसूना विसरला असेल. त्याला खोकला आला आणि तो चहाबद्दल बोलू लागला. पण तिजानीच्या डोळ्यांच्या चिरा झाल्या.

लग्नात नवरा-नवरीला माशावरून उडी मारायला लावणारं आमचं गाव. नजरेवर आमचा उतारा म्हणजे मासा. त्याच संध्याकाळी तिजानीनं ट्रंकेतून आईचा पितळी मासा काढला, अंगठ्याएवढा. टाकीचं झाकण काढून धुतलं, वाळवलं आणि मासा त्यावर मधोमध ठेवून डाख दिला. काम इतकं सुबक केलं की मासा झाकणातूनच उगवल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडायला लागली.

घरातून झकास निघायची. तीन-चार किलोमीटर व्हायचे, मग आधी गुदमरल्यासारखी खोकायची आणि थांबायची. तिजानी उतरायचा. पहिलं काम एकच, झाकण उघडून पेट्रोल बघायचं, कुणी काढलं का. त्यासाठी त्यानं खुणा कोरलेली जैतुनाची काडी खिशात ठेवली होती. काडी बुडवायची, पेट्रोल खुणेपाशी बरोबर असायचं. झाकण लावून किक मारली की गाडी सुरू. आणि पुन्हा चार किलोमीटरवर तेच.

त्यानं पेट्रोल काचेच्या बाटलीत भरून उन्हात ठेवलं, तळाशी पाणी दिसतं का बघायला. दिसलं नाही. प्लग बदलला. कंडेन्सर बदलला. कार्ब्युरेटर चार वेळा उघडला, चार वेळा लावला. पॉइंटमधलं अंतर सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यानं मोजलं.

"कुणीतरी हात लावतंय," तो जेवताना म्हणाला.

"कुणाला?" नाजियानं विचारलं.

"गाडीला. माझं काम चोख आहे. काम चोख असताना गाडी बंद पडते, म्हणजे दुपारी मी झोपतो तेव्हा कुणीतरी येतं."

"कोण येणार? मांजर?"

"मांजराला पाना धरता येत नाही. आपल्या अंगणात दार एकच आहे, त्याला कडी नाही." आणि तो नाजियाच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिला.

त्यानं गाडीच्या सीटवरून हँडलपर्यंत काळा दोरा बांधला, सहज दिसणार नाही असा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेनंतर दोरा तुटलेला होता.

"मी तोडला," नाजिया म्हणाली. "मिरच्यांचं सूप वाळत घालायचं होतं, सीटवर टेकवलं. मला काय माहीत तू गाडीच्या राखणीला बसलायस?"

"तू त्याला वाचवतेस."

"कुणाला?"

"मी नाव घेतलेलं नाही."

"नाव घेतलं नाहीस, पण डोळ्यांनी त्याच्या घराची कौलं मोजून झाली तुझी. तिजानी, मी सांगते ना, माझ्या हातानं तुटला."

पण खऱ्या कबुलीवर विश्वास ठेवायची त्याला सवयच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी गाढवगाडी आली आणि भिंतीपाशी दगडी ठोकळे आणि चुन्याची पोती उतरली. नाजिया काही बोलायच्या आत त्यानं दार बिजागरीवरून उतरवलं होतं.

हसूना आवाज ऐकून आला. चौकटीच्या पलीकडे उभा राहिला, हातात अर्धी खाल्लेली भाकरी.

"काय बांधतोस?"

"भिंत."

"भिंत होतीच की."

"अपुरी होती."

हसूनानं भाकरीचा घास चावून गिळला. "मी काय केलं ते तरी सांग."

"कुणी केलं ते मी म्हणत नाही."

"हां, ते माहीत आहे, आपोआप झालेलं नाही." हसूना हसला, पण त्या हसण्यात नेहमीचा तजेला नव्हता. "अरे बाबा, मला सायकलची साखळी बसवता येत नाही. तुझ्या गाडीचं मी काय वाकडं करणार? फार तर तिच्यावर बसेन, मग ती जन्माची बसेल."

तिजानीनं तिसरा ठोकळा ठेवला. ओळंबा धरला.

"आणि दलांदा?" हसूनानं हळूच विचारलं. "तिनं काय केलंय? ती सकाळपासून या दाराकडे कान लावून असते."

नाजिया तिथेच होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं थापीवरचा चुना निपटला आणि चौथा ठोकळा उचलला. हसूना थोडा वेळ उभा राहिला. मग ठोकळे त्याच्या छातीपर्यंत आले, मग गळ्यापर्यंत, आणि तो निघून गेला. दोन दिवसांनी पलीकडून थापीचा आवाज आला. हसूनानं आपल्या बाजूनं नव्या ठोकळ्यांना गिलावा केला आणि चुन्याची सफेदी मारली. तोही मानी माणूस होता. दार नको म्हणतोस, तर माझ्या बाजूलाही त्याचं नाव नको.

नाजिया एकदा रस्त्यानं वळसा घालून गेली. पोहोचली तेव्हा गुडघे असे सुजले होते की दलांदाच म्हणाली, "बाई, आता तूच झोप, मी उठते." दोघी हसल्या. पण परतताना दलांदानं तिचा हात सोडला नाही. "पुन्हा येऊ नकोस अशी," ती म्हणाली. "माझ्यापायी तुझे पाय गेले तर मला पाप लागेल." पुढचे अकरा दिवस नाजिया जाऊ शकली नाही. दुपार झाली की ती स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत बसायची, घासलेलीच.

दार गेलं, पण गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. तिजानीला याचा फार राग आला. आता कुणावर डोळे रोखायचे ते त्याला कळेना.

त्या शुक्रवारी नाजियाच्या बहिणीकडे बाळाचं नाव ठेवायचं होतं. बस चुकली. तिजानी म्हणाला, मागे बस. ती बसली, मांडीवर बहिणीसाठी तेलाचा डबा. चौथ्या किलोमीटरला गाडी खोकली आणि बंद पडली. तिजानी उतरला, खिशातली काडी काढली आणि झाकण फिरवलं. नाजिया टाकीला खेटूनच उभी होती. झाकण सैल झालं तसा तिला आवाज आला. बारीक, लांब, स्स्स्. कुणीतरी श्वास आत ओढावा तसा.

"हे काय झालं?" तिनं विचारलं.

"काय?"

"ती श्वास घेतेय."

"वेडी आहेस."

"पुन्हा लाव आणि चालव. पुन्हा बंद पडली की मला उघडू दे."

चार किलोमीटरवर पुन्हा तेच. यावेळी नाजियानं स्वतः झाकण फिरवलं, कान टाकीला लावून. स्स्स्. तिनं झाकण हातात घेऊन उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. तिनं ते उन्हाकडे धरलं. पलीकडचा उजेड दिसला नाही. पलीकडे मासा होता.

"तेलाच्या डब्याला आपण किती भोकं पाडतो?" तिनं विचारलं.

तिजानी तेलाच्या डब्याकडे बघू लागला.

"दोन. एकातून तेल बाहेर, एकातून वारा आत. एकच पाडलं तर तेल गुळगुळ करतं आणि अडतं. हे मला सातव्या वर्षी आईनं दाखवलं." तिनं झाकण त्याच्या हातात ठेवलं. "पेट्रोल खाली जातं, वर वारा यायला वाट नाही. तू चोर बघायला झाकण उघडायचास, तेवढ्यानं तिचा जीव परत यायचा. गाडी तुझ्या संशयावर चालली होती, तिजानी."

तिजानीनं नखानं ते भोक चाचपलं. मग वायसर काढून टाकलं, झाकण नुसतं सैल टेकवलं, त्यावर रुमाल बांधला आणि किक मारली. बहिणीच्या दारापर्यंत गाडी थांबली नाही. येतानाही थांबली नाही. वाटेत नाजियाला त्याच्या पाठीचा ताठपणा हाताला लागत होता.

घरी येऊन त्यानं मासा तापवून उतरवला. अंगणातल्या उजेडात झाकण धरलं आणि भोकातून आकाशाचा ठिपका पाहिला. मग भिंतीपाशी गेला. हातात छिन्नी-हातोडा होता. पहिला घाव घालायला हात उचलला आणि तसाच राहिला.

"पाड की," नाजिया म्हणाली.

"त्याच्या बाजूला त्याचा गिलावा आहे."

"मग?"

"दुसऱ्याचा गिलावा न विचारता पाडता येत नाही."

"भिंतीवरून हाक मार."

त्यानं मान हलवली. भिंतीवरून हाक मारून मागण्यासारखी ही गोष्ट नव्हती. हे नाजियालाही कळलं. तिनं आणखी काही सुचवलं नाही. त्यानं छिन्नी-हातोडा खाली ठेवला, हात धुतले, लाल टोपी नीट केली. गाडीकडे बघितलंही नाही. झाकण तेवढं खिशात टाकलं.

"चालत?" नाजियानं विचारलं.

"चालत," तो म्हणाला.

ती गुडघे धरत धरत जिन्यानं गच्चीवर गेली. तिथून निवडुंगाच्या कुंपणातली वाट शेवटपर्यंत दिसायची. तिजानी त्या वाटेनं निघाला होता, हळू, हात पाठीशी, कुणी मागून येतंय का हे एकदाही न बघता. पहिल्या वळणावर तो थांबला. तिला वाटलं, परततो आता. मग पुन्हा चालू लागला. वाटेच्या दुसऱ्या टोकाला हसूना आपल्या उंबऱ्यावर बदाम फोडत बसला होता. त्याचा दगड हवेतच थांबला. तोही बघत होता.