उंबऱ्यापासून माझ्या पायरीपर्यंत

एक हात चौकटीवर, पाय उंबऱ्याच्या आत आणि मान तेवढी बाहेर. "मी हितनंच बघते, काकू," असे ती म्हणायची. मुलांनो, तुम्ही तेव्हा आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत आला असतात, तर शेजारच्या दारात हीच मान तुम्हालाही दिसली असती. पंधरा वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, शाळा सुटलेली.

दिवाळीला ती केंदूरला मामाकडे गेली होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराहून येताना जीप उलटली आणि मामेबहीण जागीच गेली. "कडंची जागा माझी व्हती, ती बसली तिथं," एवढेच ती मला एकदा म्हणाली. घरी आल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. वडील रेल्वेत पॉइंट्समन. त्यांनी ओरडून पाहिले, आईने दृष्ट काढून पाहिली. जीपचा हॉर्न ऐकला की पोर आतल्या खोलीत.

दुपारी मी तिच्या दाराशी पाट टाकून इंग्रजी शिकवायची. ती आत, मी बाहेर. चुका दाखवल्या की म्हणायची, "काकू, तुम्ही लई कडक हाय."

एकदा मी त्यांच्याकडे वाटीभर खीर पाठवली. शेजारची वाटी आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. वाटी परत आणायची तिची आई, पण आई तापाने पडलेली. मी न्यायला गेले, तर हिने वाटी घासूनपुसून, साखर भरून तयार ठेवलेली.

"घ्या ना, काकू."

"दारात कुणी वाटी देतं का? घरी आणून द्यायची असते."

आतून आई कण्हत म्हणाली, "बरूबर हाय त्यांचं. लोकं काय म्हंतील?"

मी माझ्या पायरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने ती निघाली. भिंतीला खांदा घासत, डोळे वाटीवर. मध्येच रस्त्यावर हॉर्न वाजला. ती थिजली. मला उठावेसे वाटले, पण बसून राहिले. ती पोहोचली आणि वाटी तिने माझ्यापुढे धरली.

"निम्मी सांडली," ती रडवेली झाली.

"मुंग्यांची दिवाळी झाली," मी म्हणाले. ती हसली. अपघातानंतर तिचे दात मी तेव्हा प्रथम पाहिले.

मग त्या वाटीला उसंत मिळेना. आज चटणी, उद्या मेथीची भाजी. वडील म्हणायचे, "काकू, ही वाटी हाय का दौंड-पुणे शटल?" पुढे नळ, मग कॉलनीचे फाटक, मग शाळा. जीपमध्ये मात्र ती कधीच बसली नाही.

बारावीनंतर ती पुण्याला नर्सिंगला निघाली. स्टेशनवर मी त्याच वाटीत बेसनाचे लाडू दिले.

"वाटी परत कर गं."

"रिकामी न्हाई आणायची, काकू."

ती खिडकीशी, कडेच्या जागेवर बसली होती.

तिचे वडील निवृत्त होऊन गावाकडे गेले, आम्हीही क्वार्टर सोडून शिरूरला आलो. मला सगळे जागच्या जागी लागते, हे तुम्ही जाणता. तरी मांडणीतली त्या वाटीची जागा मी भरलेली नाही. दुपारी फाटकाची कडी वाजली, की मी आधी त्या रिकाम्या जागेकडे पाहते आणि मग दार उघडायला उठते.