घाटाखालचा थांबा

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. बहिणीला नाही, लेकींना नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — देवापुढे मी नेहमी दुसरंच काहीतरी काढायचे, पोरींची लग्नं, गुडघेदुखी, असलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसापुढे हे बोलायची छाती माझ्यात कधी नव्हती.

मूळ गोष्टीकडे यायला मला थोडा वेळ लागेल. तेवढं चालवून घ्या. आधी गाडीचं सांगते.

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. नायब सुभेदार होऊन पेन्शनीत आले, तासगावकडच्या आमच्या गावात. पेन्शनीत आलेले बाकीचे लोक म्हशी घ्यायचे, विहिरीवर इंजिन बसवायचे. यांनी काय घ्यावं? फौजेच्या मोडीत निघालेली एक जुनी अॅम्ब्युलन्स! मागच्या बाजूला फळ्यांचे दोन पलंग ठोकले, स्टोव्हला कप्पा केला, पाण्याची टाकी बसवली. खिडक्यांना माझ्या जुन्या लुगड्यांचे पडदे. सुभेदारांनी घराला चाकं लावली, म्हणून गाव हसायचं. मीही हसायचे. पण खरं सांगू का? निम्मं आयुष्य सासू-दिरांच्या घरात काढलेल्या बाईला ते पहिलं स्वतःचं घर होतं. सांगलीहून नव्या कापसाच्या गाद्या भरून आणल्या होत्या मी. पांढऱ्या खोळींच्या. त्यांवर पोरींनासुद्धा पाय धुतल्याशिवाय चढू देत नव्हते.

यांची एक सवय होती. गाडी कुठंही थांबली, चहापुरती का असेना, की उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि इंजिनातला रोटर काढायचा. अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला की किल्ली कितीही फिरवा, गाडी ढिम्म हलत नाही. फौजेत गाडी कुणी पळवू नये म्हणून तसा हुकूमच असायचा म्हणे. पेन्शन मिळाली, पण यांचा हुकूम काही सुटला नाही. तो तुकडा माझ्या हातात ठेवून म्हणायचे, "खजिना सांभाळ." मी तो कमरेच्या पिशवीत टाकायचे.

आता थांब्याचं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दसरा होऊन गेलेला, पाऊस संपला असं सगळेच धरून चाललेले. पोरींना महाबळेश्वर दाखवायचं म्हणून आम्ही निघालो. कऱ्हाड, सातारा झालं, मेढा मागं पडलं, पुढं एका ओढ्याची फरशी ओलांडली आणि आभाळ असं काळं झालं की भर दुपारी यांना दिवे लावावे लागले. घाटातून उतरणाऱ्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, वर दरड आलीय, जाऊ नका. मग घाटाखाली एसटीचा एक थांबा होता, पत्र्याची शेड आणि बंद पडलेलं हॉटेल, तिथं गाडी लावली. तासाभरात मागच्या फरशीवरूनही पाणी गेलं. पुढं दरड, मागं पाणी. आणि आम्ही मधे, नावही माहीत नसलेल्या ठिकाणी.

रात्रभर पाऊस थांबला नाही. सकाळीही नाही. मला त्या जागेची पहिल्यापासून भीती वाटत होती, का ते सांगता येणार नाही. समोरचा डोंगर दिसत नव्हता, पण त्याच्यावरून पाणी येताना ऐकू यायचं. शेडमध्ये एक कुत्रं सारखं उठायचं, भिजत बाहेर जाऊन उभं राहायचं, पुन्हा आत यायचं. आणि थांब्यामागं एक छोटं गाव होतं, त्या बाजूनं मधूनच धप्प असा आवाज. मी विचारलं, हे काय? हे म्हणाले, "भिंती पडतायत." पोरींसमोर बोलू नका म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. त्यानंतर प्रत्येक आवाजाला पोरी माझ्या तोंडाकडे बघायच्या.

आमच्या गाडीला यांनी पिवळा रंग दिला होता. पण रंग भिजला की त्याखालची लाल फुली वर यायची. त्या दिवशी ती चांगली हातभर उमटली होती.

दुपारी चौघं जण एक बाज खांद्यावर घेऊन आले. बाजेवर घोंगडं, घोंगड्याखाली बाई. मागून एक म्हातारी चिखलातून घसरत येत होती. भिंत पडली होती अंगावर. मांडीपाशी घोंगडं काळं झालं होतं आणि टपटप गळत होतं. फुली बघून त्यांना वाटलं, दवाखान्याची गाडी आलीय. हे म्हणाले, डॉक्टर नाही आमच्यात. म्हातारी यांना सोडून माझ्याकडे आली. "बाई, माझी सून हाय ती. अनशी. लय रगत गेलंय वं. मेढ्यापतुर तरी पोचवा, तुमच्या पाया पडते."

ती बाई शुद्धीवर होती. माझ्याच वयाची. मान वळवून उघड्या दारातून गाडीच्या आत बघत होती — पडदे, पलंग. घर असं आत आहे याचं तिला नवल वाटलं असावं.

हे काठी घेऊन फरशीवर गेले. पाण्यात उतरून पलीकडपर्यंत जाऊन आले. म्हणाले, मांडीएवढं आहे, गाडी उंच आहे, जाईल. पोरींना घेऊन तू शेडमध्ये थांब. मागं हिला घेऊ, एक पलंग पुरेल. आण रोटर.

आता ऐका. पोरी शेडमध्ये राहणार होत्या. म्हणजे पोरींसाठी केलं असं मला म्हणता येत नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला तेच सांगायचा प्रयत्न केला, पण ते तिथंच अडतं. मग यांच्यासाठी केलं का? हो, पाण्याची भीती होती. हे वाहून गेले तर, हे मनात आलं होतं. पण तेवढंच नव्हतं. मी त्या गळणाऱ्या घोंगड्याकडे बघितलं आणि मला माझ्या गाद्या दिसल्या. पांढऱ्या खोळी. हे असं आहे. बाई मरत होती आणि मला खोळी दिसल्या.

मी म्हणाले, "तुम्ही दिलाच नाही."

किती सहज म्हणाले मी! हे बघतच राहिले. माझ्याकडे नाही, स्वतःच्या हाताकडे. दिला की गं, म्हणाले. मी म्हणाले, पावसाच्या गडबडीत तुम्ही तसेच आत आलात, बघा कुठं ठेवलाय तो. आणि त्या भल्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. सगळे खिसे उलटे केले, सीटखाली बघितलं, चिखलात गुडघे टेकून बॉनेटखालची जमीन चाचपली. ते चौघंही शोधायला लागले. म्हातारीसुद्धा. मीही शोधलं. शोधायचं सोंग करत गाडीत शिरले आणि तो पिठाच्या डब्यात खाली खुपसला.

आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. बाज उचलली. तेव्हा यांनी काय केलं असेल? एका म्हाताऱ्या खांदेकऱ्याला बाजूला केलं आणि त्याच्या जागी स्वतः लागले. म्हणजे ज्या पाण्यात गाडी घालू नये म्हणून मी खोटं बोलले, त्यात हे पायी उतरले, खांद्यावर ओझं घेऊन. जाताना मला म्हणाले, शोधून ठेव. मी हो म्हणाले. तेव्हासुद्धा — डबा माझ्या हाताजवळ होता. हाक मारता आली असती. फरशी पार होईपर्यंत ते सगळे मला दिसत होते.

संध्याकाळी हे परत आले. दारात उभे राहूनच म्हणाले, "मेढ्याच्या अलीकडंच गेली गं. गाडी असती तर वाचली असती."

मी इथवर नेहमी येते आणि थांबते. खोटं बोलले, बाई मेली — एवढं मी कदाचित बहिणीला सांगितलंही असतं. कुणीतरी म्हणालं असतं, घाबरली होतीस. पण त्यानंतर जे केलं ते घाबरून केलेलं नाही. चांगलं डोकं थंड ठेवून केलं.

हे पोरींजवळ जाऊन बसले होते. त्यांची आदल्या दिवशीची खाकी पँट आत दोरीवर वाळत होती. मी पीठ भिजवायच्या निमित्तानं डबा उघडला, रोटर काढला, पदरानं स्वच्छ पुसला. सकाळी तो कुठंतरी सापडायलाच हवा होता ना? माझ्याजवळ सापडून चालणार नव्हतं. पँटला आतून एक चोरखिसा होता, दुपारी घाईत तो बघायचा राहिला होता. मी रोटर त्यात ठेवला. मग भाकरी केल्या.

सकाळी पाऊस उघडला. पँट चढवताना यांचा हात तिथं लागला. खाली उतरून गाडीच्या पायरीवर बसले, तळहातावर तो तुकडा घेऊन. मला वाटलं, आता लावतील आणि निघू. पण ते उठून गावाकडे चालू लागले. मी मागोमाग गेले, बांधापर्यंत. म्हातारीच्या घराला पुढची भिंत उरली नव्हती, त्यामुळे सगळं दिसत होतं. यांनी म्हातारीपुढे हात उघडला आणि सांगितलं, माझ्याच खिशात होता. माझी चूक झाली.

म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मंजी व्हता की जवळच." आणि चुलीकडं वळली.

मी बांधावर उभी होते. चार पावलं पुढं जायचं होतं.

आम्ही महाबळेश्वर बघितलं नाही. घरी आल्यावर यांनी गाडी विकली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. एसटीतसुद्धा अगदी मागं बसायचे. गावात लोक चेष्टा करायचे, सुभेदार, घराची चाकं कुठं गेली? हे हसायचे. बोलणं कमी झालं. दरवर्षी दसऱ्यानंतर एकटेच दोन दिवस कुठंतरी जाऊन यायचे. कुठं ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं. गाद्या मात्र मी ठेवल्या. कितीतरी वर्षं वापरल्या.

शेवटच्या दुखण्यात एकदा यांनी मला जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला होता. म्हणाले, एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. ती बाई माझ्यामुळं गेली. तुला त्या दिवशी चिखलात शोधायला लावलं मी, पोरी रडत होत्या, आणि खिसा माझाच. तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस. दुसरी असती तर आयुष्यभर ऐकवलं असतं. मला माफ केलंस ना?

त्यांचा हात माझ्या हातात होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सांगायला तेवढी एकच वेळ उरली होती आणि ते मला कळत होतं.

मी म्हणाले, हो. केव्हाच केलं.