सासूबाईंच्या उंचीचा ओटा

सुतार तिसऱ्यांदा "परवा नक्की" म्हणाला तेव्हा माझं डोकंच सटकलं. म्हटलं, खड्ड्यात गेला तुझा परवा, ओटा मीच करते. नवरा चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

ओटा हवा होता सासूबाईंसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना खाली बसायची बंदी केली होती, आणि जन्मभर त्यांनी भाकरी केली ती पाटावर बसून. आमचा काळ्या फरशीचा ओटा त्यांच्या छातीला लागायचा. चार महिने त्या खुर्चीत बसून माझ्या भाकऱ्या बघत होत्या. माझी भाकरी म्हणजे कडेला चिरा आणि मधे कच्चा गोळा. आधी टोमणे मारायच्या, त्याची मला सवय होती. मग टोमणेही बंद झाले. एक दिवस म्हणाल्या, "हातले काम नही, ते मी आठे बसीसन काय करू? माले खांडबाराले धाडी दे."

खांडबाऱ्याला माझी नणंद राहते. खोटं कशाला बोलू, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग वाटलं, सोळा वर्षं जिच्याशी भांडले ती गेल्यावर मी बोलणार कुणाशी? नवऱ्याशी? तो नुसता हं हं करतो. आठ दिवस थांबा म्हणून त्यांना कसंबसं कबूल करवलं.

आधी माप घेतलं. त्यांना भिंतीला लागून उभं केलं आणि म्हटलं, हवेत भाकरी थापा. त्यांनी पदर खोचला आणि रिकाम्या हवेत अशी काही फटाफट भाकरी थापली, की बस्स. मी त्यांच्या हाताखाली पेन्सिलीने रेघ मारली. विरजण मागायला आलेली शेजारीण हे बघून तशीच परत गेली.

शहाद्याच्या प्लायवाल्या शेठकडून प्लाय आला, सनमायका आला. जुन्या लोखंडी टेबलाचे पाय नवऱ्याने रेघेच्या मापाने कापून आणले, त्यावर प्लाय पक्का केला. सनमायका चिकटवायचं मी मोबाईलवर इतकं बघितलं होतं, की झोपेत करून दाखवलं असतं. चिकटा दोन्हीकडे लावायचा, प्लायलाही आणि सनमायकालाही. मग पाव तास सुकू द्यायचा, आणि एकदा टेकवलं की संपलं, देव आला तरी हलत नाही. म्हणून सनमायका अंगणात सुकत ठेवला, प्लाय आत. नवऱ्याला ताकीद दिली, इकडे फिरकायचं नाही. सासूबाईंना द्यायची राहिली.

पाव तासाने आम्ही दोघं तो सनमायकाचा पत्रा डोक्याच्या वर धरून आत आलो. वर धरल्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. "सरळ धर! तुझ्याकडे खाली जातंय!" करत मी तो अगदी कडेला कड लावून टेकवला. काय बसला म्हणता! वरून लाटणं फिरवायला घेतलं आणि मधोमध लाटणं अडखळलं. हात लावून बघितलं. दाणे. एक, दोन, पाच, सात.

"अगं बाई! हे काय आलं खाली?"

सासूबाई हातात पूजेचं ताट घेऊन दारात उभ्या. "तांदूळ शेतस. नवं काम शे, हळद-कुंकू न् अक्षता टाक्या बिगर कसं चाली?"

मला रडावं की ओरडावं कळेना, म्हणून नवऱ्यावर ओरडले. आता परात इथे बसणार कशी? डगमगत्या परातीत कुणी भाकरी थापतं का? आठ दिवसही संपत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बोलावल्याशिवाय ओट्यापाशी उभ्या राहिल्या. परात ठेवली, ती डगडगली. त्यांनी ओलं फडकं घडी करून परातीखाली सारलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा गोळा घेतला, आणि चार महिन्यांनी आमच्या घरात तो आवाज झाला. फट् फट् फट्. मी उगाचच मिरच्यांचे देठ खुडत बसले.

तेवढ्यात नणंदेचा फोन. कधी येतेस, गाडी पाठवू का? सासूबाईंनी पिठाच्या हाताने फोन कानाशी धरला आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "कशी येऊ व माय? सूननी ओटा वाकडा करी ठेवेल शे. आते तिले एकली सोडीसन येऊ का?"

तांदूळ कुणाचे, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, आणि मी गुपचूप ताट घेऊन पुढे झाले.