दाजींनी पारखलेला कंट्रोलर

बैलबाजारातली अक्कल बैलबाजारातच ठेवून यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचे दाजी पाहिलेले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नेवाशाकडचे. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी दाजींच्या नाकदुऱ्या काढायच्या, मग बाजाराला निघायचं. इथवर ठीक होतं. पण हा गृहस्थ छत्रीसुद्धा बैलासारखी घ्यायचा. उघडून, मिटून, दुकानाबाहेर चार पावलं चालवून. त्यांच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा नवऱ्या मुलाला विहिरीपर्यंत जाऊन यायला सांगितलं, मागून त्याची चाल न्याहाळली आणि "पाय सरळ टाकतोय" म्हणून पसंती देऊन टाकली. पोरगा निघाला सोन्यासारखा, त्यामुळे आम्हाला हसायचीही सोय उरली नाही. शिवाय पहिल्या खेपेला जनावर घ्यायचं नसतं, नुसतं बघून यायचं असतं, हा नेम ते सगळ्याच वस्तूंना लावायचे. त्या नेमापायी माझ्या बहिणीनं एक अख्खा उन्हाळा नव्या माठाची वाट बघण्यात काढला.

आमचं घर नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ, वस्तीवर. मी शाळेत मास्तर. विजेचे खांब गावापर्यंत येऊन थांबले होते आणि आईला दमा होता. संध्याकाळी कंदील लावला की रॉकेलच्या धुरानं तिची छाती भरून यायची, मग थंडी असो वा वारा, ती ओट्यावर जाऊन बसायची. नव्वद सालानंतर सोलरचे दिवे आपल्याकडं दिसू लागले तसा मीही छपरावर प्लेट चढवली, बॅटरी आणली, ट्यूब लावली. त्या संध्याकाळी आई घरात बसून जेवली. पण बसवणारा म्हणाला, "मधे कंट्रोलर कशाला? थेट जोडतो." थेट जोडलं. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उकळून आटलं, पावसाळ्यात ती पार निपचित पडेपर्यंत आम्ही दिवा जाळला, आणि वर्षाच्या आत बॅटरी मेली. कंदील परत आला, आईचा ओटाही परत आला. कशीबशी दुसरी बॅटरी आणली. ती गेली असती तर तिसरी आणायची आमची ऐपत नव्हती.

दाजी आले, मेलेल्या बॅटरीपाशी उकिडवे बसले आणि तिच्यावर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, दिवसा फुगंस्तवर चारलं आन रातीला पडंस्तवर हाकलं. कसं जगंल?" मी सांगितलं की आता कंट्रोलर घेणार आहे; तो भरलेल्या बॅटरीत जास्तीचं जाऊ देत नाही आणि उतरायला लागली की दिव्याची वीज तोडतो. दाजींचा चेहरा खुलला. "म्हंजी राखनीला गडीच म्हना की. निवडाया मी येतो."

नगरच्या दुकानात पहिल्या खेपेला अर्थातच आम्ही नुसते बघून आलो. दुसऱ्या खेपेला दाजी अर्धी उतरवलेली नवी बॅटरी एसटीत मांडीवर घेऊन निघाले. दुकानात दोन कंट्रोलर होते, एक साधा पत्र्याचा, दुसरा चकचकीत, रंगीत दिव्यांचा. दाजींनी साध्यावर जीपचा बल्ब जोडायला लावला आणि भाकरीचं फडकं सोडून तिथंच बसले. बऱ्याच वेळानं टक् आवाज आला आणि बल्ब विझला. मला रागच आला, चांगला उजेड होता की अजून! मग त्याच बॅटरीवर चकचकीत जोडला. बल्ब पुन्हा लागला, पिवळा झाला, तांबडा झाला, तरी चालूच. दुकानदार खूश. "बघा, शेवटपर्यंत चालवतो." माझंही मन त्याच्यावर बसलं होतं. दाजींनी पुढं होऊन तार ओढली.

"ह्यो मालकाचं तोंड बघून वढतोय," ते म्हणाले. "वढता वढता मरायचा आन मालकाला बुडवायचा. दमला की बसतो, त्यो साधा घ्या." मग खांद्यावरचा पंचा दुकानदाराच्या हातावर टाकून, बाजारातल्यासारखी आतून त्याची बोटं दाबत भाव करू लागले. दुकानदारानं घाबरून दुसऱ्या हातानं कंट्रोलर पुढं केला.

त्या साध्या डब्यानं बॅटरी वर्षानुवर्षं जगवली. दाजींनीही तसलाच आपल्या वस्तीवर बसवला. एका वर्षी मात्र धोंड्याच्या महिन्यात आभाळ असं गच्च झालं की तिसऱ्या दिवशी सांजेलाच टक् झालं. कंदील लावला, आई खोकायला लागली. मी डबा वगळून तारा थेट जोडायला स्टुलावर चढलो होतो, तेवढ्यात धोंड्याच्या जेवणाला बोलावलेले दाजी आणि बहीण दारात आले. दाजींच्या खांद्यावर बैलाची झूल, झुलीत त्यांच्या घरची बॅटरी.

"उतरा खाली," ते म्हणाले. "तुमच्या बैलाला दोन दीस बसू द्या. ह्यो जुपा."

दिवा लागला. आईनं कंदील फुंकला आणि संकोचून म्हणाली, "जावईबापू, धोंड्याला आमी तुमाला द्यायचं असतं."

"मग द्या की अनारसं, मामी. पन घरात बसून वाढा."

जाताना आमची उतरलेली बॅटरी झुलीत बांधून घेऊन गेले. नेवाशाला तरी कुठलं ऊन होतं? त्यांची भरलेली कशी राहिली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दाजी गेल्यावर, माहेरी मागं राहिलेल्या बहिणीनं सांगितलं, "आभाळ भरलं त्या दिवसापासनं ह्यांनी आमचा दिवा लावूच दिला न्हाई. ‘मामीला लागंल’ म्हनले. दोन राती अंधारात जेवलो आमी."

आता वस्तीवर वीज आहे, तीही जाते-येते. मुलगी लिथियमची बॅटरी आणणार आहे. दाजींचा डबा त्या बॅटरीला चालत नाही म्हणे, भरायची तऱ्हा वेगळी असते. परवा मोबाईलवर ढीगभर कंट्रोलर दाखवून तिनं विचारलं, "बाबा, कुठला घेऊ?" मी भिंतीवरच्या त्या पत्र्याच्या डब्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "आज नको. आज नुसतं बघू."